उशाला थेम्स

पहिला दिवस, गुरुवार

वॉलिंगफर्ड हे नाव मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. हे खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात नोकरीला होते. तिथल्या ग्रंथालयात त्या गावाचा शिक्का असलेले अहवाल यायचे आणि जेवताना यांच्या तोंडून "वॉलिंगफर्डवाले असं म्हणतात" असं काहीतरी निघायचं. माझी समजूत अशी, की ते कुठलंतरी मोठं कारखान्यांचं शहर असणार. लेकाकडे रेडिंगला येऊन महिना झाला तेव्हा नकाशात कळलं, हे तर बसनं तासाभरावर! आणि शहर कसलं, आमच्या दहिवडीएवढं गाव. मग पाच दिवसांसाठी तिथं एक खोली घेतली. लेक म्हणाला, "आई, लोक लंडन बघायला येतात." म्हटलं, लंडन बघून झालं, पायही दुखून झाले.

बसमधून उतरलो ते थेट बाजारचौकातच. चौकाच्या एका अंगाला दगडी खांबांवर उचललेली नगरपालिकेची इमारत, १६७० सालची. खाली नुसते खांब आणि सावली, कचेरी सगळी वरच्या मजल्यावर. शेजारी १८५६ सालचं धान्यबाजाराचं घर. धान्याचे सौदे कधीच बंद झाले, आता तिथं नाटकं आणि सिनेमे होतात. माझ्या डोक्यात बार्शीचा अडत बाजार आला आणि तिथं कुणी नाटक लावलं तर तिकिटं कोण काढील याचा मी उगाच हिशोब करत बसले.

मे सुरू झाला होता. मे म्हटल्यावर आपल्या अंगातून घामाच्या धारा वाहायच्या. इथं मी साडीवर स्वेटर, त्यावर कोट आणि पायात लेकाने घेऊन दिलेले बूट अशा अवतारात होते. ऊन स्वच्छ, पण नुसतं दिसायला. खोलीत गेलो तर न्हाणीघरात गरम पाणी येईना. मालकीणबाईंनी फोनवरून बारा सूचना दिल्या, यांनी पाटबंधाऱ्याच्या थाटात तीन नळ फिरवले, शेवटी चहाच्या किटलीत पाणी तापवून तोंडं धुतली.

संध्याकाळी नदीवर. आठ वाजून गेले तरी उजेड हटत नव्हता. थेम्स इथं लंडनसारखी गढूळ नि रुंद नाही. आपल्या कृष्णेच्या निम्मीसुद्धा नसेल, पण काठोकाठ. मला आधी तेच खुपलं. मे महिन्यात नदी काठोकाठ? ना वाळू उघडी, ना डबकी, ना मध्येच कुणी लावलेली काकडी. ठिकठिकाणी बांध घालून आणि दरवाजे लावून पाण्याची पातळी राखतात, असं यांनी समजावलं. पूल जुना, मध्ययुगातला, जवळजवळ ९०० फूट लांब. एवढ्याशा नदीला एवढा पूल का, तर नदी पसरली की दोन्हीकडची कुरणं तिच्या पोटात जातात. १८०९च्या पुरात मधल्या कमानी खचल्या, त्या नव्यानं बांधल्या. नीट बघितलं की मधला तुकडा वेगळा कळतो, ठिगळासारखा.

गावाच्या नावातला 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार. पायी पार होता येईल अशी जागा. त्या उतारामुळेच हे गाव. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकायला आला तेव्हा त्यानं थेम्स ओलांडली ती इथंच.

दुसरा दिवस, शुक्रवार

शुक्रवारी इथला आठवडी बाजार. दुसऱ्या हेन्रीनं ११५५ साली या गावाला सनद दिली, तेव्हापासूनचा मान. मी पिशवी घेऊन साडेनऊलाच हजर.

बाजार म्हणाल तर वीसेक पालं. मासेवाल्याची गाडी, पावाचं दुकान, चीजचे मोठाले गोल, रोपांचे ट्रे, एका टेबलावर नुसते ऑलिव्ह. पण भाजीवाला मात्र अस्सल होता, त्याच्या आरोळ्यांना मंडईचा सूर होता. त्यानं मला "येस माय लव्ह" म्हणून हाक मारली. आधी मी मागे वळून बघितलं, मग यांच्याकडे. हे रोपांच्या किमती वाचण्यात गढल्याचं दाखवत होते. मी म्हटलं, गेल्या चाळीस वर्षांत या घरात कुणी म्हटलं नाही, ते भाजीवाल्यानं म्हटलं.

हा ॲस्परॅगसचा हंगाम. एप्रिलच्या शेवटी सुरू होतो आणि जूनच्या मध्याला संपतो, त्यामुळे आपल्या हापूससारखं त्याचं कौतुक. हिरवे कोंब, टोकाला जांभळट खवले, जुडी रबरानं बांधलेली. भाजीवाल्यानं एक कोंब दोन बोटांत धरून वाकवला, तो बरोबर एका जागी काडकन मोडला. वरचा भाग कोवळा, खालचा दोरा निघणारा. शेवग्याची शेंग मोडून बघतात तसंच. तीन पौंडांची जुडी मी अडीचला मागितली. तो हसला, तीनच घेतले, वर मूठभर पुदिना टाकला. रात्री खोलीतल्या एका बर्नरवर लोणी, मीठ आणि जवळच्या डबीतलं जिरं टाकून परतली. इंग्रजांना जिरं सुचलं नाही हे त्यांचं नुकसान.

दुपारी किल्ल्यावर. किल्ला म्हणून वर बघत गेलो तर हिरवी टेकाडं, खंदकाच्या खोल घळी आणि एकदोन मोडक्या भिंती. विल्यमनं नदी ओलांडल्यावर लगोलग हा किल्ला उठवायला घेतला. पुढे गादीच्या भांडणात सम्राज्ञी मटिल्डा ऑक्सफर्डच्या वेढ्यातून ११४२च्या हिवाळ्यात निसटली ती गोठलेल्या नदीवरून, बर्फात दिसू नये म्हणून पांढऱ्या कपड्यांत, आणि आसऱ्याला आली ती इथंच. पेटाऱ्यांची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला अशी निसटण्याची कथा लगेच आवडते. नंतरच्या यादवीत राजाच्या बाजूनं हा किल्ला १६४६ पर्यंत तग धरून होता. पार्लमेंटवाल्यांनी १६५२ साली तो पाडून टाकला, पुन्हा कुणी आत बसू नये म्हणून. आमच्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ नंतर सुरुंग लावून उडवल्या, त्याचा राग मला शाळेपासून आहे. पण निदान स्वतःच्या घरीही त्यांनी हेच केलं होतं, एवढं समाधान.

टेकाडावर पिवळ्या काउस्लिपची फुलं, एका देठाला घोसभर. वरून लाल घारी फिरत होत्या, शेपटी मासोळीसारखी दुभंगलेली. इंग्लंडातून हा पक्षी पार संपला होता. १९८९ पासून काही वर्षं स्पेनहून पिल्लं आणून या डोंगराळ भागात सोडली, आणि आता बघावं तिकडे तेच. एक तर इतकी खाली आली की यांनी हातातलं सँडविच कोटात लपवलं.

तिसरा दिवस, शनिवार

आज यांचा दिवस. सकाळीच इस्त्रीचा शर्ट.

पूल ओलांडला की क्रोमार्श. तिथून पंधराएक मिनिटांवर हाउबेरी पार्क. ज्या अहवालांवरचा शिक्का हे चाळीस वर्षं बघत होते, ते इथले. शनिवार असल्यामुळे सगळं बंद. आत जायचं काही कारणही नव्हतं, आम्ही कुणाला विचारलंही नाही. रस्त्याकडेला उभं राहून यांनी फाटकाकडे बघितलं. मी जरा बाजूला झाले. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला कळस दिसल्यावर बोलू नये.

मग यांनीच सांगितलं, आणि हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. या संस्थेचा पहिला संचालक सर क्लॉड इंग्लिस. तो आला कुठून? पुण्याहून! मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यात तो १९०६ साली लागला. १९१६ साली पुण्यात पाण्याच्या संशोधनाचं जे काम सुरू झालं, ज्यातून पुढे खडकवासल्याचं केंद्र उभं राहिलं, ते त्यानं वाढवलं. कालव्यांत गाळ का बसतो, पुलाच्या खांबाशी नदी किती खोल खणते, हे सगळं त्यानं तिथं लहान लहान मातीच्या नद्या करून बघितलं. हिंदुस्थानातली नोकरी आटोपून मायदेशी परतला तर १९४७ साली इथल्या सरकारनं नवी जलसंशोधन संस्था काढून त्याच्या हाती दिली. १९५१ ला ती या हाउबेरीत आली. म्हणजे आम्ही समजत होतो इथलं ज्ञान खडकवासल्याला येतं, आणि खरं तर आधी खडकवासल्याचं इथं आलं होतं.

"इंग्लिसचं सूत्र अजून पाठ आहे," हे म्हणाले, आणि रस्त्यावर उभ्या उभ्या म्हणून दाखवलं: एकशे चोवीस ए, भागिले वर्गमूळात ए अधिक दहा पूर्णांक चार. ए म्हणजे पाणलोट क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये. घाटाकडच्या नाल्याला जास्तीत जास्त किती पूर येईल ते त्यातून काढायचं. महाराष्ट्रातल्या किती सांडव्यांची रुंदी या एका ओळीवर ठरली असेल! कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी आमच्याकडे जरा काळजीनं बघितलं.

मला मात्र त्याच क्रोमार्शच्या गल्लीत माझं काहीतरी सापडलं. एका जुन्या घरावर पाटी: जेथ्रो टल इथं राहत असे. हाच तो पेरणीयंत्रवाला. साधारण १७०१ साली त्यानं घोड्यानं ओढायचं यंत्र केलं. बी हातानं फेकण्याऐवजी नळ्यांतून, सरळ ओळीत, एका वेळी तीन ओळी. ऑर्गन या वाद्यातल्या यंत्रणेवरून त्याला ती कल्पना सुचली म्हणतात. शाळेच्या पुस्तकांत त्याला शेतीच्या क्रांतीचा मोठा मानकरी म्हटलेलं असतं.

तीन ओळी! मी तिथंच थांबले. आमच्या शेतात तिफण होती. नावच तिफण, तीन फणांची. वर लाकडी चाडं, त्याला तीन भोकं, भोकांतून तीन नळ खाली फणांच्या मागे. वडील बैलं हाकायचे आणि आई चाड्यावर मूठ धरून चालायची. ज्वारीचे दाणे बोटांच्या फटीतून असे सोडायचे की तिन्ही नळांत सारखे पडले पाहिजेत, एकाही फणाला उपास घडता कामा नये. आईची मूठ गावात नावाजलेली होती. पेरा उगवून आला की ओळीवरून लोक ओळखायचे. टलसाहेबांच्या यंत्रात दाणे मोजायला खाचांचं चाक होतं. आमच्याकडे ते काम आईची बोटं करायची. तिफण आपल्याकडे टलच्या कितीतरी आधीपासून आहे, पण तिच्या सुतारानं घरावर पाटी लावली नाही. मी त्या पाटीचा फोटो काढला नाही. हे म्हणाले, "रुसलीस का?" म्हटलं, नाही, भूक लागली.

संध्याकाळी गावाच्या पश्चिमेकडच्या मैदानावर. नवव्या शतकाच्या शेवटी डेन लोकांच्या स्वाऱ्या रोखायला गावाभोवती मातीचा कोट घातला होता, तो अजून तसाच उभा आहे. हजाराच्या वर पावसाळे खाल्लेली माती, वर हिरवळ, आणि उतारावरून पोरं गडगडत खाली येत होती. मैदानाच्या कडेला बाकावर एक बाई पुस्तक घेऊन बसलेली, जवळ गेल्यावर कळलं की ब्राँझची आहे. ॲगाथा ख्रिस्ती. १९३४ पासून १९७६ मध्ये मरेपर्यंत या गावच्या वेशीवरच्या विंटरब्रुकमध्ये तिचं घर होतं. तिच्या शेजारी बसायला जागा मोकळी ठेवलीय. मी बसले. हात लावला तर गार.

चौथा दिवस, रविवार

लेक सकाळी गाडी घेऊन आला. आधी डोंगरपायथ्याच्या ग्रिम्स डिच या प्राचीन चरावरून दोन मैल चालवलं. दोन्ही बाजूंना बीचची झाडं, पानं नुकती फुटलेली, इतकी पातळ की ऊन त्यांतून गाळून येत होतं. खाली जमिनीवर निळी ब्लूबेल. फूल एकेकटं बघितलं तर किरकोळ, मान टाकलेली घंटा. पण हजारोंनी पसरली की कासच्या पठारावर होतं तसं होतं, रंग जमिनीवरून एक वीतभर वर तरंगतो. मध्येच लसणीचा वास आला. मला वाटलं कुणी डबा उघडला. तो रानलसणाचा ताटवा होता. तेवढ्यात माझा पाय घसरला आणि साडीच्या निऱ्या चिखलात. चिखल पांढरा. हे वाकून चिमूट उचलून बघायला लागले, मला उठवायचं सोडून.

"खडू आहे हा," म्हणाले. "शाळेतला खडू. सगळा डोंगर खडूचा."

तो खडू का महत्त्वाचा ते तासाभरात कळलं. गाडी वर चढत स्टोक रो नावाच्या वाडीत थांबली. रस्त्याकडेला, इंग्रजी कौलारू घरांच्या रांगेत, अचानक एक घुमट. बारीक खांबांवर लोखंडी घुमट, वर सोनेरी कळस, खाली विहीर, आणि विहिरीवरच्या रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. मी गाडीचं दार उघडं टाकून गेले. परक्या मुलखात ओळखीचं माणूस दिसावं तसं झालं.

ही महाराजांची विहीर. महाराज काशीचे, ईश्वरीप्रसाद नारायण सिंह. या भागातला एडवर्ड अँडर्डन रीड नावाचा अधिकारी तेव्हाच्या वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाकडे, मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं १८३१ साली आझमगडकडे लोकांसाठी एक विहीर खणून दिली होती. बोलता बोलता त्यानं राजाला सांगितलं, की माझ्या गावाकडेही असेच पाण्याचे हाल आहेत. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईनं मारलेलं मी पाहिलंय. राजाच्या ते लक्षात राहिलं. बऱ्याच वर्षांनी त्यानं रीडला कळवलं, विहीर मी बांधून देतो. १० मार्च १८६३ ला खणायला सुरुवात झाली, २४ मे १८६४ ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, ती लोकांना खुली झाली. खर्च ३५३ पौंड आणि वर काही शिलिंग. वरचं यंत्र वॉलिंगफर्डच्याच ओतकाम कारखान्यातलं.

खोली ३६८ फूट. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या उंचीपेक्षा तीन फूट जास्त. रुंदी मात्र चारच फूट. म्हणजे एका माणसाला फावडं चालवायला जेमतेम जागा, वरून दोरानं माती उपसायची, खाली अंधार. कठड्याशी वाकून मी बघितलं. पाणी दिसेल ही आशा नव्हतीच, तरी वाकल्याशिवाय राहवत नाही.

एवढं खोल का, ते यांनी सांगितलं. खडूवर पाऊस पडला की तो पाणी पिऊन टाकतो. ओढा नाही, झरा नाही, तळं टिकत नाही. ते पाणी आत आत उतरून शेवटी पायथ्याशी निघतं. वॉलिंगफर्डला थेम्स भरभरून वाहते आणि सात-आठ मैलांवर वरच्या वाडीत बाया डबक्यातलं पाणी गाळून पितात, अशी स्थिती. आमच्याकडे उलटं. काळ्या कातळावर पाऊस पडला की आत जातच नाही, धावत सुटतो आणि दुसऱ्याच्या धरणात जाऊन बसतो. एक डोंगर सगळं गिळतो, एक डोंगर काहीच घेत नाही. तहान दोन्हीकडे सारखीच. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण इथं सांगितली असती तर त्या वेळच्या बायांना भाषांतर लागलं नसतं.

त्या पोराच्या माराचं वाचताना मला माझी चुलती आठवली. बहात्तरच्या दुष्काळात मी सात-आठ वर्षांची. आडावर रांग रात्री दोनपासून. माझ्या डोक्यावरची कळशी उंबऱ्याला ठेचकाळून सांडली. चुलतीनं अशी कानाखाली लगावली की आठवडाभर कान वाजत होता. नंतर तीच रडत बसली. चुलती वाईट नव्हती. त्या इंग्रज आईबद्दलही इथं कुणी वाईट लिहिलेलं नाही, ते मला बरं वाटलं.

लेक म्हणाला, "भारी ना? आपल्या राजानं इंग्रजांना पाणी पाजलं." हे जरा गप्प होते. मग म्हणाले, "गंगा-यमुनेच्या दोआबात १८६०-६१ ला मोठा दुष्काळ पडला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी हे." लेक यावर काही बोलला नाही. मलाही दोन्ही बाजूंनी वाटलं. हिशोब मांडायला बसलं तर तो जुळत नाही. पण पाणपोई घालणारा तहानलेल्याची जात-गाव विचारत नाही, हेही मी लहानपणापासून ऐकलेलं. अहिल्याबाईंनी काय कमी परमुलखात घाट-बारवा बांधल्या? रीड मात्र स्वतःच्या गावासाठी बोलला, आणि त्याचं ऐकणारा राजा त्याला भेटला, इतकंच.

विहिरीमागे राजानंच लावून दिलेली चेरीची बाग आहे. फळं विकून राखणदाराचा खर्च निघावा म्हणून. पाणी फुकट, देखभाल बागेतून. असा ताळेबंद आमच्या किती नळयोजनांत असतो? बहर ओसरत आला होता, गवतावर पाकळ्यांचा सडा. बागेत माशाच्या आकाराचं तळंही खणलं होतं. विहिरीच्या शंभरीला, १९६४ साली, एलिझाबेथ राणीचे यजमान प्रिन्स फिलिप इथं आले होते, तेव्हा काशीहून आणलेलं गंगाजल या विहिरीच्या पाण्यात मिसळलं.

मी आक्काला फोटो पाठवले. ती अजून गावीच असते.

पाचवा दिवस, सोमवार

सुट्टीचा सोमवार, म्हणून इथली हौशी लोकांची छोटी रेल्वे चालू होती. वॉलिंगफर्ड ते चोल्सी, अडीच मैलांचा फाटा, १८६६ चा. लोक तिला 'बंक' म्हणत. प्रवासी गाड्या १९५९ ला बंद झाल्या. आता निवृत्त आजोबा टोप्या घालून तिकिटं पंच करतात आणि शिट्टी फुंकताना सात वर्षांचे होतात. आमचं सामान एकच बॅग, म्हणून याच गाडीनं चोल्सीला जाऊन तिथून रेडिंगची मोठी गाडी धरायची ठरवलं. खिडकीबाहेर पिवळीधम्मक मोहरी, म्हणजे तिच्या जातीचं तेलबी, शेतंच्या शेतं.

गाडीत बसले आणि आक्काचा फोन. घुमट छान, हत्ती छान, असं काही नाही. पहिला प्रश्न: "अगं, पोहरा केवढा गं त्याचा?"

मी यांच्याकडे बघितलं. यांनी आदल्या दिवशी पाटीवरचं सगळं वहीत टिपलेलं. "नऊ गॅलन. म्हणजे एक्केचाळीस लिटर. वर यायला दहाएक मिनिटं."

पलीकडे आक्का मनात मोजत होती. "तीन कळशा," म्हणाली. "तीन कळशांना दहा मिनिटं. मग रांगेत वीस घरं असली तर?"

"तीन तास वीस मिनिटं," मी म्हटलं.

"मग बरंय की," आक्का म्हणाली. "आमचा टँकर परवापासून आला नाही."